लिंबाकडची बाजू

माहा पाय लिंबाकडे वळत नव्हता. दुखत नव्हता, मुरगळला नव्हता, नुसता वळत नव्हता. ज्याले ज्याले सांगितलं तो हसला. तुम्ही बी हसा, पन आधी पूर्न ऐका.

मी खो-खो खेळत होती. आंजीच्या पुढं आमचं गाव, शाळेमागं ग्राऊंड. खो-खोले दोन टोकाले दोन खांब लागते. आमच्याइथं एका टोकाले कडुलिंबाचं झाड अन् दुसऱ्या टोकाले, शाळेच्या बाजूनं, खरा लाकडी खांब. म्हनून आम्ही डावं-उजवं कधी म्हनलंच नाई. "लिंबाकडे!" नाई तर "शाळेकडे!" बस. मधल्या रांगेत आठ जनी एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड करून बसते, तोंड फिरलं का डावं-उजवं फिरते. लिंब थोडीच फिरते.

आता गंमत अशी का दिवाळीच्या आधी सोयाबीन निघते, अन् गावात सपाट, कोरडी जागा म्हनजे आमचं ग्राऊंड. शेजारची काकू लिंबाकडच्या अर्ध्या भागात ताडपत्री अंथरून सोयाबीन वाळू घालते. दरवर्षी. तिच्या ताडपत्रीवर पाय पडला का ती घरातून ओरडे, मग पळनारी बी तिकडे जाईना अन् तिले पकडनारी बी. सगळा खेळ शाळेकडे. कोनाले त्याचं काही वाटलं बी नाई. अन् नेमकी त्याच दिवसात वर्ध्याले जिल्ह्याच्या टीमची निवड राह्यते.

मागचं वर्ष माहं वयात बसायचं शेवटचं होतं. त्यानंतर त्या गटात खेळताच येत नाई. मले एकदा, फक्त एकदा, जिल्ह्याकडून खेळायचं होतं.

वर्ध्याचं ग्राऊंड काय सांगू, चुन्याच्या सरळ रेघा, दोन्हीकडे गुळगुळीत खांब. मी चौकोनात बसली. आमच्या ग्राऊंडसारखा रस्ता इकडे, म्हनजे लिंब तिकडे, असं बसता बसताच डोक्यानं ठरवून टाकलं. माही मैत्रीन मागून पळत आली, पाठीवर थाप मारली, "खो!" अन् सोबतच, "लिंबाकडे वं!"

तिथं लिंब नव्हती. पन मले समजलं ती कोनत्या टोकाचं म्हनून राह्यली. पळनारी पोरगी बी दिसून राह्यली होती, माह्यापासून हातभर. सगळं समजलं, सगळं दिसलं, अन् माहा खांदा शाळेकडे वळला.

खो-खोत एकदा खांदा वळला का परत फिरता येत नाई. त्या टोकाच्या खांबापर्यंत जाच लागते. मी गेली. रिकाम्या ग्राऊंडवर एकटी पळत गेली. ती पोरगी मागं उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हनली, "काऊन वं, तिकडे कोन आहे तुहं?"

सगळे हसले. मले वाटलं आता रडू येईन. नाई आलं. काहीच नाई आलं. जसा पाय झोपते न बसून बसून, तशी मी आख्खीच झोपली होती, फक्त पळून राह्यली होती.

निवड करनारे म्हनले, "पुढच्या रविवारी परत ये, एक जागा आहे अजून." ते बी मी असं ऐकलं जसं दुसऱ्या कोनाले म्हनून राह्यले.

तोपर्यंत काकूनं सोयाबीन भरून नेलं. ग्राऊंड मोकळं. तरी माहा पाय तिकडे जाईना! तिथं काही नव्हतं, माती होती नुसती, अन् मी ताडपत्री असल्यासारखी शाळेकडे वळे. आमचे खो-खोचे सर म्हनले, "विचार कर, मग उठजो." विचार केला तर पळनारी निघून जाये. सर ओरडले तर अजूनच लाकूड होये मी.

मग सरनं ओरडनंच बंद केलं. मैत्रिनीले बी सांगितलं, "खोच्या पुढं एक शब्द बोलायचा नाई." चुना घेतला अन् आमची रांगच आडवी आखली, लिंब बाजूले राह्यली. दुसऱ्या दिवशी तिरपी आखली. रोज वेगळी पोरगी पळवली माह्यापुढं, एक दिवस तर पाचवीतली, ती सशासारखी. सर म्हनले, "लिंब पाहू नको, शाळा पाहू नको. तिची कंबर पाहा. तोंडानं ती तुले फसवते, कंबर जिकडे वळली तिकडेच ती जाते."

आधी काहीच कळलं नाई. मग कधीतरी, उठल्यावर मले समजलं का मी लिंबाकडे पळून राह्यली. कोनी टाळ्या नाई वाजवल्या. मैत्रीन म्हनली, "अवं, गेली की तू!" मी म्हनली, "हौ." एवढंच. पाय शिकून राह्यला होता, मी नाई. मी वरून पाहून राह्यली होती.

रविवारी तेच ग्राऊंड. थाप पडली, "खो!" बाकी शांत. मी कंबर पाह्यली. वळली. मी बी बरोबर बाजूले वळली! हात लांब केला अन् तिच्या पाठीमागची हवा लागली बोटाले. ती खांबाले वळसा घालून गेली. बाजू बरोबर होती, फक्त उशीर झाला होता, एवढासा.

जागा दुसरीले भेटली.

सर बसमधे लय खुश होते, "वळली न तू, वळली न!" मैत्रीन आंजी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहून रडली. मी दोघाईले शेंगदाने दिले. घरी आई म्हनली, "काय झालं?" मी म्हनली, "वळता आलं." तिले काय कळलं माईत नाई. तिनं जेवाले वाढलं.

आता यंदाचं. परवा काकू ताडपत्री घेऊन आली. ग्राऊंडवर लहान्या पोरी खेळून राह्यल्या होत्या, त्यातलीच ती पाचवीतली, आता सहावीत. काकू नेहमीसारखी लिंबाकडे चालली. मी उठून गेली.

"काकू, यंदा शाळेकडे टाकजा न."

"काऊन वं? तिकडे ऊन कमी लागते."

"पोरीईले इकडं बी पळू द्या थोडं. चार दिवस तिकडे, चार दिवस इकडे. ताडपत्री मी ओढून देते."

"माह्या सोयाबीनले बी खो देतं काय आता?"

"हौ."

काकू हसली, अन् ताडपत्रीचं एक टोक माह्या हातात दिलं. आम्ही ती शाळेकडे ओढत नेली. मागं कोनीतरी "खो!" म्हनलं, अन् माही पाठ आपोआप सरळ झाली. मले माही पाठ कळली, आता झोपली नव्हती ती. थाप नव्हती, तरी कळली.