पत्रं वाढवा

विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमधून मी छोट्या धंदेवाल्यांचे ईमेल पाठवते. दिवसभर करतेस काय, असं घरचे विचारतात. ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये पडू नयेत म्हणून धडपडते, असं सांगितलं की हसतात. हसोत. माझी झोप त्यापायीच उडते.

रोडपालीच्या मावशी माझ्या गिऱ्हाईक. मूळच्या उरणकडच्या कोळी. पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी घेऊन बसायच्या. पुढे गुडघे गेले, उठबस होईना, म्हणून पुण्या-बंगळुरूला पांगलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना घरूनच बोंबील, सुकट, जवळा कुरियरने पाठवू लागल्या. दर आठवड्याला त्यांच्या नावाने मी ईमेल धाडायची. पुन्हा बाजारात बसायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ज्याला ईमेल नको असेल त्याच्यासाठी तळाशी एक लिंक द्यावी लागते. मी लिहिलं होतं, ‘ईमेल बंद करा’. मावशींनी ते वाचून कपाळाला हात लावला.

‘‘धंद्यात बंद म्हनतात काय गं? दुकान बंद नाय करत, वाढवतात. बांगड्या पन वाढवतात. तुमी शिकलेल्या पोरी काय पन लिवता. ‘पत्रं वाढवा’ असं लिव.’’

‘‘मावशी, लोकांना कळणार नाही.’’

‘‘का नाय कळनार? मराठी हायेत ना?’’

मावशी हट्टाला पेटल्या की देवाचंही चालत नाही. मी चरफडत लिंक बदलली.

मे महिन्यात आगोटीची खरेदी असते, पावसाळ्यापुरतं सुकं लोक आधीच भरून ठेवतात. मावशींनी घरभर माल घेतला होता. हवेत ओल आली की तो मऊ पडतो आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. मी आगोटीचा ईमेल पाठवला आणि ऑर्डरी जवळजवळ आल्याच नाहीत. मावशींना शेजारी बसवून मी माझंच खातं उघडलं. आमचा ईमेल स्पॅममध्ये होता. वर लॉटरी लागल्याची बातमी, खाली झटपट कर्ज आणि मध्ये मावशींचं नाव.

‘‘मला चोरांच्या पंगतीला बसवली,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, नक्की कोणाचा ते कळेना.

मी गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. पुण्याचा एक मुलगा म्हणाला, ‘‘वाढवा म्हणजे अजून ईमेल येणार ना? मी कशाला दाबू?’’ त्याने सरळ स्पॅमचं बटण दाबलं होतं. तसं बऱ्याच जणांनी केलं होतं. पुरेशा लोकांनी ते दाबलं की ईमेलवाली कंपनी आपल्यावर संशय घेते आणि ज्यांना हवेत त्यांचेही ईमेल स्पॅममध्ये टाकते.

मग बंगळुरूच्या एका बाईंना फोन केला. स्पीकर चालूच होता.

‘‘आई गेली हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुकट तिलाच लागायची. दर आठवड्याला तुमचं आपलं, ताजी सुकट आली म्हणून. थांबवायचं कुठे तेच सापडेना, म्हणून स्पॅम केलं. मावशींना सांगू नका, त्यांना लागेल.’’

मावशी पदराला हात पुसत बसल्या होत्या. हात कोरडेच होते. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, ‘‘बंद लिव.’’

मी लिहिलं. पण गेलेली पत एका शब्दाने परत येत नाही. थोड्या थोड्या जणांना पाठवत ती महिनोन्‌महिने जमवावी लागते, आणि आभाळ तर भरून यायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात मावशी बाजारात बसल्या. मी भेटायला गेले तेव्हा गोणपाटावर एक पाय लांब करून, गुडघा दाबत होत्या. घरी चला, काहीतरी करू, असं मी म्हटलं. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

‘‘र्‍हाऊ दे पोरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाय दुखतो, पन इथं बरं हाय. ज्याला नको तो तोंडावर नको म्हनतो.’’