सोरा एर्सिलिया आणि माझी दोनशे माणसं

घरं खाली करायला येणारा कोर्टाचा बेलिफ मला नुसत्या वासावरून ओळखता येतो, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय. बूट बघायचे, बगलेतली पिशवी बघायची, माणूस दाराशी आला की आधी घंटीकडं बघतो की कुलपाकडं ते बघायचं. आमच्या भाडेकरू समितीतल्या नव्या पोरापोरींना मी हे फळ्यावर लिहून शिकवलंय. समितीचा अध्यक्ष मी, ओरेस्ते. ही समिती मीच काढली. हिच्या आधीचीही मीच काढली होती, पण तिथं माझं कुणी ऐकेना, म्हणून भांडून बाहेर पडलो. कायदा शिकलो तो रविवारच्या जुन्या बाजारात किलोवर घेतलेल्या पुस्तकांतून. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं कलम रद्द होऊन जमाना झाला होता, हे एका वकिलानं मला भर कोर्टात सांगितलं. ते जाऊ दे.

सांगायचंय ते सोरा एर्सिलियाबद्दल. आमच्या मोंतीत, रोमच्या या जुन्या वस्तीत, वयस्क बाईला सोरा म्हणतात, तुम्ही मावशी म्हणाल तसं. ती जन्मली आमच्याच गल्लीतल्या एका इमारतीत, जिन्याखालच्या पहारेकऱ्याच्या खोलीत. बाप पहारेकरी. पुढं तिनं स्टेशनजवळच्या हॉटेलात उभी हयात चादरींना इस्त्री केली, म्हणून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. नवरा तुल्लियो ट्राम चालवायचा. लग्नानंतर दोघं त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेली. म्हणजे बाईनं आयुष्यात प्रवास केला तो दोन जिने, तोही वरच्या दिशेनं. हे ती स्वतःच सांगते.

तुल्लियो गेल्यावर उन्हाळ्यात ते घर भट्टीसारखं तापायचं आणि एकटीला ते सोसवेना. मग ती समोरच्या बासिलिकेत, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चमध्ये, जाऊन बसायला लागली. देवासाठी नाही, गारव्यासाठी. एकदा कुणीतरी गाईड परदेशी पाहुण्यांना कमानीवरच्या सोनेरी काचतुकड्यांच्या मोझेकबद्दल माहिती देत होता. बाकावरून ही ओरडली, "अहो, किती रडकं सांगता! माणसं सुट्टीवर आलीत!" आणि स्वतः सांगायला उठली. पाहुणे गाईडला सोडून हिच्यामागं. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी एर्सिलियाची टूर. पाद्रीबाबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हळूच तिला आतल्या संडासाची किल्ली दिली. रोममध्ये यापेक्षा मोठा मान नाही.

तारखा तिला येत नाहीत. विचारलं तर म्हणते, "फार पूर्वी. ट्रामच्याही आधी." पण भिंतीवरच्या संतांबद्दल ती असं बोलते, की जणू वरच्या मजल्यावरचे शेजारीच.

मग इमारत विकली गेली. नव्या मालकाला खोल्या हव्या होत्या पाहुण्यांना एकेका रात्रीच्या भावानं द्यायला. बाकीचे भाडेकरू थोडेफार घेऊन निघून गेले. एर्सिलिया राहिली. कोर्टाचा हुकूम आला. बेलिफ दोनदा येऊन पुढची तारीख देऊन गेला आणि दोन्ही वेळा मी नव्हतो. एकदा मला ताप होता. एकदा पलीकडच्या गल्लीत माझ्या स्कूटरवरून हवालदाराशी तत्त्वाचा वाद चालला होता. तिसरी तारीख शेवटची, आणि ती निघाली गुरुवारी.

"सोरा, या गुरुवारी टूर बंद," मी बजावलं. "घरात कुणी नसलं की बेलिफ कुलूपवाल्याकडून दार उघडतो, कुलूप बदलतो, कागद डकवतो. खेळ खलास. तुम्ही आत पाहिजेत, आम्ही दाराशी."

"गुरुवारी टूर असते," ती म्हणाली.

"घर जाईल!"

"ओरेस्ते, पोरा, ओरडू नकोस. गुरुवारी टूर असते."

त्या सकाळी दाराशी मोर्चा लावून बघतो तर बाई आधीच बासिलिकेत. फळवाल्या योलेला दाराची जबाबदारी दिली आणि एर्सिलियाला ओढून आणायला रस्ता ओलांडला. आत शिरलो. धर्म मी मानत नाही. चर्चमध्ये पाय ठेवतो तो बाप्तिस्म्याला आणि मयताला. आत अंधार. एर्सिलिया आपली फुलाफुलांची पर्स दोन्ही हातांत धरून उभी. समोर दोन नन, बोलोन्या शहरातलं एक जोडपं, गल्लीतले काही म्हातारे आणि रेनकोट घातलेला एक लांबट माणूस. सगळे गप्प, माना वर.

"सोरा, चला."

"टूर चाललीय."

"इथं काहीच चाललेलं नाही. सगळे नुसते उभे आहेत."

"वाट बघतोय."

कशाची ते मला ठाऊक होतं. खांबावर एक पेटी आहे. तिच्यात एक युरो टाकला की वरचे दिवे लागतात आणि थोड्या वेळानं आपोआप विझतात. आता खरा रोमन माणूस त्या पेटीत कधी युरो टाकत नाही. तो थांबतो. कुणीतरी जर्मन टाकतोच. आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी ते सोनं बघितलं ते दुसऱ्याच्या नाण्यावर. मीही कधी टाकलेला नाही, पण माझं वेगळं. मी टाकत नाही ते तत्त्वानं. उजेड जनतेचा आहे.

त्या दिवशी जर्मन नव्हता. म्हातारे नन्सकडं बघत होते, नन्स बोलोन्याच्या जोडप्याकडं, जोडपं आपल्या बुटांकडं. शेवटी रेनकोटवाल्यानं विचारलं, "यात नाणं टाकायचं असतं का?"

"टाकलं तर चालेल," एर्सिलिया म्हणाली, जणू हे तिच्या मनातच नव्हतं.

त्यानं टाकलं. खट्ट झालं आणि वरची सगळी कमान पेटली. सोन्याच्या त्या काचा एका पातळीत बसवलेल्या नाहीत, प्रत्येक तुकडा जरा तिरका, त्यामुळं आपण मान हलवली की भिंत हलते. मी धर्म मानत नाही, पण ते दिवे लागले की ओठांवरची शिवी तिथंच राहते.

"चला, लवकर बघा, हा उजेड कुणाच्या बापाचा नाही," एर्सिलिया सुरू झाली. "मध्ये येशू. आजूबाजूला संत. त्यांच्या डोक्यामागं प्रभावळ बघा, गोल. गोल म्हणजे मेलेला. हिशेब मिटलेला, आता कुणी बोट दाखवू शकत नाही. आणि हा टोकाचा, हातात देवळाचं खेळणं घेऊन उभा? हा पोप. यानंच हे बांधलं. याची प्रभावळ कशी आहे? चौकोनी! का? कारण तेव्हा हा जिवंत होता. जिवंत माणसाला गोल देत नाहीत. उद्या काय दिवे लावेल, कुणी सांगावं?"

नन हसल्या.

"आणि त्या बाजूच्या छोट्या चॅपेलमध्ये त्यानं स्वतःच्या आईलाही बसवलंय. तीही चौकोनी. रोमचा पोरगा घर बांधेल आणि आईला खोली देणार नाही? आता हे आमचे ओरेस्ते." तिनं पर्सनं माझ्याकडं दाखवलं. "यांना कुणी दिली नाही, म्हणून यांनी आपली चौकोनी प्रभावळ घरीच कापून घेतलीय. पुठ्ठ्याची."

सगळे हसले. बोलोन्याचं जोडपंही हसलं, आणि बोलोन्याच्या माणसानं मला हसावं हे मला खपत नाही. माझं डोकं सटकलं. हसला नव्हता फक्त रेनकोटवाला. मी त्याच्याजवळ सरकलो. बूट पॉलिश केलेले, बगलेत चामड्याची पिशवी, नजर शांत. मी लगेच ताडलं: प्राध्यापक.

"कुठले तुम्ही?"

"तोरिनोकडचा. इथं नोकरीला."

"शिकवता?"

"तसं नाही. कागदांचंच काम."

"म्हणजे लिहिता! मग लिहा, आज या गल्लीत काय घडतंय ते. या बाईंचं घर घ्यायला बेलिफ येतोय. पण मी ओरेस्ते आहे. दाराशी माझी दोनशे माणसं उभी आहेत."

"दोनशे?"

"कमीच सांगतोय. जिन्यात साखळ्या बांधल्यात. वर गॅसची टाकी ठेवलीय, वेळ आलीच तर. टीव्हीवाले वाटेत आहेत. आणि मागच्या अंगणातून..."

"ओरेस्ते," एर्सिलिया म्हणाली, "तोंड मिट."

"का म्हणून? लोकांना कळू दे!"

"लोकांना कळलंय. तुलाच कळत नाहीये."

तेवढ्यात खट्ट झालं, उजेड गेला. येशू, संत, पोप, सगळे अंधारात. त्या अंधारात रेनकोटवाला अगदी सभ्यपणे म्हणाला, "मागच्या दोन्ही वेळी इतका बंदोबस्त नव्हता. या सिन्योराबाईंनी मला कॉफी दिली होती. जरा जळकी होती."

"जळकी नव्हती, कडक होती," एर्सिलियाचा आवाज आला. "ओरेस्ते, हे दोत्तोर पेयरोने, कोर्टातले साहेब. बेलिफ. मीच म्हटलं होतं त्यांना, गुरुवारी येताच आहात तर जरा आधी या, टूर बघा."

माझं नाक, म्हणजे ते ज्याला बेलिफचा वास येतो ते, त्या क्षणी कुठं होतं मला माहीत नाही.

"मग घरी कुणी नाही?" पेयरोनेंनी विचारलं.

मी "आहे!" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"कुणी नाही," एर्सिलिया म्हणाली. "मी इथं आहे. खोटं कशाला बोलू? मी त्याच इमारतीत जन्मले, तिथंच मरायचा विचार आहे. पण लोक आलेत, त्यांना अर्ध्यात सोडून जिना अडवून बसणार नाही. तुमचं काम तुम्ही करा. पण चॅपेल न बघता गेलात तर नाणं फुकट घालवलंत असं म्हणेन."

बोलणं असं खडखडीत. पण तिनं माझी बाही धरली होती आणि रस्त्यापर्यंत सोडली नाही.

"कुलूपवाला कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलाय," पेयरोने म्हणाले. "दार मोकळं असेल तर त्याला दोन मिनिटं लागतात. चला, दार बघू."

रस्ता ओलांडायला आम्हाला फारसा वेळ लागला नाही. मला हवा होता तेवढा तर मुळीच नाही. दाराशी माझा मोर्चा असा होता: योले संत्र्यांच्या खोक्यावर बसलेली, हातात भोंगा, त्यात सेल नाहीत. तिचा कुत्रा नेरोने पायरीवर आडवा, घोरतोय. दोन पेन्शनर पत्ते खेळताहेत, कारण संशय येऊ नये म्हणून सहज बसल्यासारखं बसा, असं मीच सांगितलं होतं. वर आमचं घोषणेचं फडकं. त्यावर गेल्या वेळच्या भाडेकरूचं नाव खोडून बाजूला एर्सिलियाचं घातलेलं, कारण नवं कापड घ्यायच्या मी विरोधात होतो.

पेयरोनेंनी योलेकडं बघितलं. कुत्र्याकडं बघितलं. फडकं सावकाश वाचलं.

"दोनशे," ते म्हणाले.

आणि मी, देवा, तेव्हासुद्धा म्हणालो, "काही जण नाश्त्याला गेलेत."

योलेला खोकला आला. एर्सिलियानं डोळे मिटले. कोपऱ्यावरून कुलूपवाला ओठांवरचा कॉफीचा फेस पुसत, पेटी घेऊन निघालाच होता. पेयरोनेंनी त्याला हातानंच थांबवलं. संत्र्यांचं एक खोकं ओढलं, पिशवी मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. लिहिताना पुटपुटत होते, बहुतेक माझ्यासाठीच. "समितीचे अध्यक्ष स्वतः म्हणाले... जमाव अंदाजे दोनशे... जिन्यात साखळ्या... आज ताबा घेणं धोक्याचं... तहकूब." मग माझ्याकडं मान वर करून, "गॅसच्या टाकीचं लिहीत नाही. लिहिलं तर पोलिस आत्ताच बोलवावे लागतील. टाकी खरंच आहे?"

"आहे," मी म्हणालो.

"आमच्याकडं पाइपनं गॅस येतो, दोत्तोर," एर्सिलिया म्हणाली.

"बरं. पुढची तारीख ईस्टरनंतर. गुरुवार चालेल?"

"गुरुवारी टूर असते."

"म्हणून तर. चॅपेल राहिलं."

"मग सुटे आणा. तिथली पेटी वेगळी आहे."

त्यांनी आमच्यावर दया केली, की माझ्या गप्पांमुळं त्यांचं काम सोपं झालं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. माणूस कुत्र्याला ओलांडून निघून गेला. कुलूपवाला मागोमाग, कुरकुरत.

घर राहिलं, ईस्टरपर्यंत. माझ्या सगळ्या कलमांनी, भाषणांनी, भोंग्यांनी जे झालं नसतं ते माझ्या एका थापेनं झालं, आणि ती थापही मी चुकीच्या माणसाला मारली होती. पण आता पंचाईत अशी, की ती थाप सरकारी कागदावर चढलीय. पुढच्या वेळी ते दोनशेंच्या तयारीनं येणार. म्हणजे मला दोनशे माणसं लागणार, खरीखुरी, हातपाय असलेली. तेव्हापासून मी दारोदार फिरतोय. मोंतीत आता कुणी मला ओरेस्ते म्हणत नाही. बारमध्ये शिरलो की मालक आत ओरडतो, "दोनशेसाठी एक कॉफी!"

एर्सिलियानं मात्र डोकं चालवलं. टूर संपली की ती लोकांना सांगते, "आता पाच मिनिटं हा बोलणार आहे. कंटाळवाणं आहे, पण ऐका. माझं घर वाचवायचंय." नन यायचं म्हणाल्यात. बोलोन्याचं जोडपंही आगगाडीनं येणार आहे, हे मला अजून पचलेलं नाही.

गेल्या गुरुवारी अंधारात सगळे नेहमीसारखे माना वर करून उभे. जर्मन नाही, पेयरोने नाही. मी खांबाला टेकून भाषणाची जुळवाजुळव करत होतो.

"दोनशे," एर्सिलिया म्हणाली, "जिवंत आहेस ना?"

"आहे, सोरा."

"मग खिशात हात घाल."

घातला. तत्त्व एकीकडं ठेवून नाणं टाकलं. खट्ट झालं, कमान पेटली. आता पैसे मी भरलेत तर आधी चार शब्द मीच बोलावेत म्हणून मी पुढं झालो, घसा खाकरला, आणि सगळी जमात माझ्याकडं पाठ करून वर बघायला लागली.