काकांचं ठरलेलं वजन

२५ फेब्रुवारी २००७. संध्याकाळच्या विमानाने सासूबाई पुण्याला परत निघाल्या होत्या, त्यामुळे सकाळी बॅगा भरायचं काम. काकांचा हात लागल्याशिवाय अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावातल्या एकाही मराठी घरातली बॅग आजवर भारतात पोचलेली नाही, असं मी बेधडक सांगते.

काका आमचे कोणी लागत नाहीत. तरुणपणी ते फिजीत लहान लहान बेटांवर धावपट्ट्या बांधायचे. तिथे विमान म्हणजे एस.टी. आठ-दहा माणसं, टपाल, औषधं, खुराड्यातल्या कोंबड्या, सगळं एकत्र. चढण्याआधी प्रत्येक उतारूला सामानासकट काट्यावर उभं करायचे आणि वजन बघून जागा द्यायचे. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, तरी काकांनी ही पद्धत सोडलेली नाही. त्यांच्या गाडीत कोणी कुठे बसायचं ते तेच ठरवतात. एकदा देवळात जाताना माझ्या नवऱ्याला पुढून उठवून मागे मधोमध बसवलं. "तुझ्यामुळे गाडीचं नाक खाली जातंय," म्हणाले. दूध आणायला निघालेल्या माणसाच्या हातीसुद्धा ते कोणाकडे तरी द्यायची लोणच्याची बरणी सोपवतात. आठवड्यातून एकदा येणारं विमान रिकामं परत पाठवायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलंय.

बॅग मोजायची त्यांची रीत साधी. बॅग उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःला वजा करायचं. स्वतःला मात्र ते कधी मोजत नाहीत. "मी एकशेचाळीस पौंड. फिजीपासून तेवढाच."

गेल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून दूर बेलव्ह्यूला राहणारी त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे बोलावतेय. "इथे माझं काम आहे," हे त्यांचं उत्तर. शेवटी तिने अट घातली, सगळं नीट जमतंय तोवरच राहा. आणि मला परस्पर सांगून ठेवलं, "ताई, बाबांचं काही चुकायला लागलं तर प्लीज फोन कर."

सकाळी काकांनी मोजून बरोबर म्हणून दिलेल्या दोन्ही बॅगा संध्याकाळी विमानतळावर नऊ-नऊ पौंडांनी जास्त भरल्या. मागे रांग, आणि आम्ही जमिनीवर बसून बदामाच्या पिशव्या आणि नॉनस्टिक तवा बाहेर काढतोय. काका बाजूला उभे.

सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, त्यांचा कोट बघितलास? खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय."

परतताना बर्फ पडत होतं. गाडीत काका म्हणाले, "पोरीला कळव. येतो म्हणावं. वजाबाकीसुद्धा जमत नाही आता."

आमच्या घरी आणून त्यांना रिकाम्या हाताने काट्यावर उभं केलं. एकशेएकतीस. ते उतरले, पुन्हा चढले. एकशेएकतीस.

"काटा बिघडलाय."

मी चढले. काटा बिघडलेला नव्हता. असता तर मला आवडलं असतं.

"काका, गणित बरोबर होतं तुमचं, तुमचंच वजन नऊ पौंडांनी उतरलंय. रात्री जेवता काय?"

"चहा, टोस्ट."

"रोज?"

"एकट्यासाठी कुकर कुठे लावायचा? अन् समोर कोणी नसलं की घास फिरतो तोंडात."

एवढं बोलून ते बूट घालायला लागले. नाडी बांधायला वाकलेली त्यांची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी डॉक्टरांची वेळ घेतली. दुपारची मिळाली. मग बेलव्ह्यूला फोन करून मुलीला सगळं सांगितलं, नऊ पौंडांसकट. डोकं शाबूत आहे, जेवण सुटलंय. डॉक्टर काय म्हणतात ते बघू, आणि रात्रीचं जेवण आजपासून आमच्याकडे. पुढचं तुम्ही बापलेक ठरवा, म्हटलं. ती रडायला लागली, तेव्हा मी फोन ठेवला. मग काकांच्या घरी जाऊन त्यांच्याच कढईत उपमा केला, बशी त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून राहिले.