पणदऱ्याची, डाळजची आणि नेदरलँडचा

आईची निवडणूक आठवली की मला अजून एकटीलाच हसू फुटतं. एसटीत असले तर शेजारची बाई जरा सरकून बसते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कॉलेज बारामतीला होतं. एसटीसाठी गावाबाहेरच्या फाट्यावर उभं राहावं लागायचं, आणि सावली म्हणाल तर एक बाभूळ. तीन वर्षं आई रोज माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आली. एसटी येईपर्यंत थांबायची, मला चढलेली बघायची आणि मग म्हशींकडे पळायची. पुढे ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा तिने अर्ज भरला. मागणी एकच होती: फाट्यावर पोरींसाठी शेड आणि बसायला बाक.

तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आगं, बाकासाठी कोण इलेक्शन लढतं व्हय?"

"तुमी उभं न्हवता ऱ्हायला तितं," आई म्हणाली. "मी ऱ्हायलीया."

समोर उभ्या होत्या भावकीतल्या काकू, आईच्या चुलत जाऊ. त्यांना आधी गटार झाकून हवं होतं. तेही चुकीचं नव्हतं, हे मी आज मोकळेपणाने लिहिते. तेव्हा मात्र तोंडातून काढलं नसतं.

मी बारामतीच्या एका रोपवाटिकेत नोकरीला होते. नेमकं त्याच महिन्यात रंगीत ढोबळी मिरचीचं बघायला नेदरलँडहून एक तज्ज्ञ आले. आमच्या शिवारात पॉलिहाउस बरीच, आणि इंग्रजी बोलणारी मी एकटी. म्हणून त्यांचा मुक्काम आमच्या माडीवर ठरला, आणि दुभाषी म्हणून मीही दीड महिना घरी राहायला आले. माणूस एवढा उंच की चौकटीने पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाळावर टेंगूळ आणलं. सगळं गाव त्यांना 'पाव्हणं' म्हणायचं. त्यांना मराठीतलं एकच वाक्य यायचं, "जेवलात का?" आणि ते दिसेल त्याला विचारायचे. प्रचाराच्या दिवसांत! तिसऱ्या दिवशी काकूंच्या यजमानांनी तात्यांना गाठलं. "तुमचा पाव्हणा घरोघर जेवणाची चौकशी करतूय. आचारसंहिता लागलीया, ध्यानात ठेवा."

काकूंच्या माणसांचा प्रचार एकच होता: आमची आई पणदऱ्याची, बाहेरगावची, तिला गावचं काय कळणार? त्यावर आमच्या बाजूने उत्तर जायचं, मग काकू कुठल्या? डाळजच्या! एका संध्याकाळी ओट्यावर पाहुण्यांनी मला विचारलं, "म्हणजे दोन्ही उमेदवार परदेशीच की?"

मी तात्यांना सांगितलं. तात्या ठसका लागेपर्यंत हसले. "व्हय की रं देवा! गावच्या लेकी गेल्या बाहेर, आन् बाहेरच्या हितं लढत्यात!"

पाहुण्यांना कोडं पडलं. त्यांनी विचारलं, सून किती वर्षांनी या गावची होते?

आई आत भाकरी थापत होती. तिथूनच ओरडली, "म्हणावं, राख हितल्या ओढ्याला गेल्याव!"

मतमोजणी इंदापूरला, तहसील कचेरीत. पाहुण्यांसकट आम्ही सगळे आवारात थांबलो होतो. दुपारी बातमी आली, आमच्या वॉर्डात दोघींना सारखी मतं. परत मोजली, पुन्हा सारखीच. आता चिठ्ठी. ती सगळ्यांदेखत व्हावी म्हणून निवडणुकीच्या साहेबांनी व्हरांड्यात टेबल मांडलं. दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या. आमच्याकडे चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात, कारण त्याचा कुणाशी लागाबांधा नसतो. पण शाळेचा दिवस. आवारात एकही मूल नव्हतं.

"मग ज्याचं दोन्हीकडं नातं नाही असा माणूस द्या," साहेब म्हणाले.

आणि तिथेच सगळं अडलं. शिपायाला पुढे केलं, तर तो काकूंच्या मावसभावाचा व्याही. हवालदार हसतच मागे सरले, ते डाळजचे. चहावाल्याची बहीण आमच्या आत्याच्या घरात दिलेली. एकेक माणूस पुढे यायचा, दोन मिनिटं गावं आणि आडनावं निघायची, आणि त्याचं नातं सापडायचं. सगळे एवढे रंगले की दोन नव्या सोयरिकींचं बोलणंसुद्धा निघालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "सायेब, तुमीच काढा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "माझी सासुरवाडी पणदरे," ते हळूच म्हणाले. "मी हात लावत नाही."

तेवढ्यात काकूंच्या यजमानांना खांबाशेजारी फोटो काढणारे पाहुणे दिसले. "ह्यो! ह्याचं तर हितं कुणीच न्हाय!"

टाळ्याच पडल्या. मग काकूंचा थोरला मुलगा ओरडला, "आवो आबा, ह्यो त्यांच्याच माडीव ऱ्हातो!"

"ऱ्हातो आमच्यात," तात्या पुढे आले, "पर ताक रोज तुमच्यातलं पितो. विचारा काकूंना!"

काकूंनी मान डोलावली. खरंच, रोज सकाळी तांब्याभर ताक त्या स्वतः द्यायच्या. म्हणजे बरोबरी झाली. साहेबांनी मला विचारायला सांगितलं.

माझी एक अडाणी खात्री होती, आणि विज्ञानाची पदवी असूनही मी ती कबूल करते: पाहुण्यांच्या हाताला यश आहे. ते आले त्याच आठवड्यात आमची दोन वर्षं भाकड असलेली म्हैस गाभण राहिली होती. त्यांनी चिठ्ठी काढली की आईचंच नाव निघणार!

पाहुण्यांनी ऐकून घेतलं आणि खाली बघून सावकाश बोलले. त्यांनी परदेशात नऊ वर्षं गुलाबाच्या शेतीवर काढली होती. तिथे कर भरला, तिथल्या लग्नांत नाचले, पण कुणाला निवडावं हे कधी बोलले नाहीत. "पुढच्या आठवड्यात मी विमानात असेन," ते म्हणाले. "ज्याला निकालाबरोबर राहायचं नाही, त्याने तो काढू नये."

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं. सगळा व्हरांडा माझ्या तोंडाकडे.

त्या क्षणी पाहुण्यांचं डच वळणाचं इंग्रजी कळणारी मी एकटी होते. 'हो म्हणाले' एवढंच सांगायचं, डबा पुढे करायचा, आणि त्या भल्या माणसाने भिडेपोटी हात घातलाही असता. पण आईने तीन वर्षं बाभळीखाली उभं राहून मला जे शिकवलं, ते तिच्याचसाठी खोटं बोलायला? मी शब्दन् शब्द सांगितला. सांगताना माझेच कान तापले. मी तरी कुठे निकालाबरोबर राहणार होते? पाहुणे गेले की मी बारामतीला जाणार. मत तेवढं गावात.

मग आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जाऊबाईच काढू द्या की."

"आगं, ती तुझ्या विरोधात हाय!" तात्यांचा आवाजच फाटला.

"म्हणूनच. माझं नाव निघालं तर ती कुणाला बोलणार? आन् तिचं निघालं तर मी म्हणीन, नशीब तिचं. हितं डोळं हायती सगळ्यांचं. आन् ऱ्हायचंय आमा दोघींस्नीच, आमोरासमोर."

साहेबांनी दोघींची लेखी संमती घेतली. काकूंनी डोळे गच्च मिटले, डबा स्वतःच तीनदा हलवला, हात घातला, एक चिठ्ठी धरली, सोडली, दुसरी धरली. साहेबांनी घडी उलगडली.

आईचं नाव!

काकूंनी आपल्याच उजव्या हातावर चापट मारली. "आगं बया! ह्याच हातानं जेवती की गं मी रोज!" पहिल्या हसल्या त्या स्वतः. आईने त्यांना मिठी मारली. "गटार बी करू गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग काकू तिला रागावल्या, "जितलीस तू आन् रडतीस काय!"

परतताना ट्रॅक्टरवर गुलाल उधळला. पाहुण्यांनी मला विचारलं, नाचायला तरी परवानगी आहे ना? तोवर तात्यांनी त्यांना ओढलंच होतं. त्यांचा लाल चेहरा आणखी लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. ते भेटेल त्याला विचारत होते, "जेवलात का?"

गटार आधी झालं, शेड त्याच्या पुढच्या वर्षी. परवा मी फाट्यावर उतरले, तर बाकावर काकू. डाळजला माहेरी निघाल्या होत्या. सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बस गं. माझ्या हातचा बाक हाय ह्यो."