अकरा जणींचे कागद

बँकेतल्या क्रांती मॅडमनी संगणकाचा पडदा थोडा वळवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, तुमचं आधीचं कर्ज थकलंय. ते सांगितलं नाही तुम्ही?"

गुणमाला चौगुलेला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं तिची लेक श्रद्धा तेवढी बसली होती, मांडीवर नर्सिंगच्या प्रवेशाची फाईल धरून.

"माझं? न्हाई ओ. मी कवा काढलंय कर्ज?"

"गेल्या डिसेंबरात. एक लाख ऐंशी हजार. दोन हप्ते भरलेत, पुढं काही नाही. शिवाय हप्त्यावर घेतलेला एक मोबाईल आहे. पॅन तुमचं, आधार तुमचं, जन्मतारीखही तुमचीच." मॅडमनी पडदा परत सरळ केला. "शिक्षणकर्जाला आई-वडील दोघांची पत बघतात. हे असं असताना अर्ज पुढं पाठवता येणार नाही मला."

मिरजेच्या कॉलेजात पहिला हप्ता भरायला बारा दिवस उरले होते.

गुणमाला मिरजेजवळच्या एका गावात वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती. उधारीचं तिला वावडं होतं. दोऱ्याचं रीळसुद्धा ती रोखीनं आणायची. नवरा रामगोंडा सांगलीत हळदीच्या अडतीवर माल तोलायचं काम करायचा. संध्याकाळी तो घरी आला की अंगणातल्या दगडावर पिवळं पाणी वाहायचं. त्या दिवशी हातपाय धुऊन तो आत आला, तिचं सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरं सांग. मी रागावणार न्हाई. आर्जवला दिलंस काय पैसं?"

आर्जव तिचा धाकटा भाऊ. त्याचं दुकान गेल्या साली बसलं होतं. गुणमालाला बँकेत रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

"आवं, तुमाला न विचारता मी कदी साडी तरी घेतली का?"

"तसं न्हाई गं. कागद बोलतोय ना पर तुझ्या नावानं."

तेच तर तिला कळेना. कागद तिच्या नावानं बोलत होता आणि ती स्वतः बोलली तर घरचं माणूसही तिच्याकडं संशयानं बघत होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. न जाणो, कधी कुठं सही करून बसलोय की काय, असं तिचं तिलाच वाटायला लागलं.

सकाळी ती गावातल्या सेवा केंद्रात अंकिताकडं गेली. सातबारा, दाखले, फॉर्म असली कामं अंकिता करायची. लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या असतात आणि प्रत्येकीकडून वर्षात एकदा अहवाल फुकट मिळतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो काढला. नाव गुणमालाचं होतं, पण फोन नंबर अनोळखी आणि पत्ता पुण्याकडचा.

"मावशी, हे तुम्ही घेतलेलंच नाही," अंकिता म्हणाली. "कुणीतरी तुम्ही बनून घेतलंय."

एवढं एक वाक्य ऐकायला गुणमालाचा जीव आसुसला होता. तिनं तिथंच स्टुलावर बसून पाणी मागितलं.

अंकितानं अहवालावर हरकत नोंदवली आणि कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीलाही लिहिलं. गुणमालाचा खरा पत्ता, खरा फोन त्यात दिला. तिथंच नवी पीडा उभी राहिली. कंपनीतल्या कुणी तक्रार वाचली न वाचली, पण नंबर वसुलीवाल्यांच्या हाती लागला. दिवसाला आठ-दहा फोन सुरू झाले. फोन वाजला की शिलाई वाकडी जायची. एकदा गिऱ्हाइकाच्या पोरीचं माप घेताना मोटरसायकलवरून एक माणूस दारात आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चौगुले बाई कोण? हप्ते कधी भरताय?" पोरीच्या आईनं कापड उचललं. "परत येते," म्हणाली. ती परत आली नाही.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी कंपनीनं कर्जाच्या कागदांच्या नकला पाठवल्या. अंकितानं त्या छापून समोर ठेवल्या. आधारच्या नकलेवर गुणमालाच्या जागी एक तरणी बाई होती, नाकात चमकी, ओठांवर किंचित हसू. सही इंग्रजीत होती. गुणमाला जन्मात इंग्रजीत सही करत नव्हती. हे सगळं बघून तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिची नजर पॅनकार्डाच्या नकलेवर खिळली होती. कोपऱ्यात निळ्या पेनानं गोल काढून त्यात सात हा आकडा लिहिला होता.

तो सात तिच्यासमोरच लिहिला गेला होता.

गेल्या दिवाळीआधी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस गावात आला होता. बायकांना फुकट शिलाई मशीन मिळणार, म्हणत होता. गावातली शिवणारीण म्हणून त्यानं गुणमालालाच गाठलं. "ताई, तुम्ही बोलावलं तर बायका येतील." आणि तिनं बोलावल्या होत्या. दारोदार जाऊन, कुणाच्या हातातलं लाटणं खाली ठेवायला लावून दहा जणींना ती समाजमंदिरात घेऊन गेली होती. आधार, पॅन, दोन फोटो, यंत्रावर अंगठा. स्वतः धरून अकरा. तिचा नंबर सातवा. मशीन काही आलं नाही. सरकारी काम म्हणून सगळ्या विसरून गेल्या.

"बाकीच्यांचंबी..." एवढंच ती बोलली.

रामगोंडाला तिनं सांगितलं. त्याचा संशय आता पार गेला होता, पण चेहरा उतरला. "हे बघ, आत्ता गप बस. आदी तुझं निस्तर. गावाला कळलं तर तुलाच धरतील."

दोन दिवस ती गप्प बसली. ते दोन दिवस वसुलीच्या फोनांपेक्षा वाईट गेले. मंदिरात त्या दहांतली बनाबाई भेटली, तर गुणमालानं नजर चुकवली. नळावर सुंदरी नातवाच्या बारशाचं बोलत होती आणि गुणमालाला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. सुंदरी तिची लग्नाआधीपासूनची मैत्रीण. तिचा नंबर आठवा होता.

तिसऱ्या दिवशी ती आधी सुंदरीच्याच घरी गेली. उंबऱ्यातच उभी राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

सुंदरी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तवाच म्हटलं हुतं, फुकाट कोण काय देतंय? तू म्हणालीस, चल गं, मी हाय की."

"म्हणाले."

"तुज्या शब्दावर अंगठा दिला मी."

 गुणमाला म्हणाली, "उद्या अंकिताकडं चल. बघू तरी."

उरलेल्या नऊ घरीही ती त्याच दिवशी जाऊन आली, आणि अकराही जणींचे अहवाल निघाले. सहा जणी सुटल्या. पाच जणींच्या नावावर कर्जं होती आणि सगळ्यांत मोठं सुंदरीच्या. सेवा केंद्राच्या पायरीवर बनाबाई जे बोलली ते गुणमालानं मान खाली घालून ऐकलं. सुंदरी आपला अहवाल घडी करून एकटीच निघून गेली, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाच जणी वडापच्या जीपनं सांगलीला सायबर पोलिसांकडं गेल्या. सुंदरी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, गुणमाला अगदी मागं. तिथला हवालदार सज्जन होता, पण कामाखाली दबलेला. "माणूस एकच ना? मग पाच जणींचा मिळून एक अर्ज द्या."

गुणमाला आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात उभी होती.  तरी ती म्हणाली, "न्हाई साहेब. कंपनी परतेकीकडनं तिच्या नावच्या तक्रारीची नक्कल मागती. एकच अर्ज दिला तर चौघी लटकतील. पाच घ्या. आमी बसतो दिवसभर."

बसल्या. संध्याकाळी पाचला पाचवा कागद हातात आला.

मिरजेची मुदत मात्र त्याच आठवड्यात संपली होती. शेवटच्या दिवशी श्रद्धानं कॉलेजला फोन करून चार दिवस मागितले, मिळाले नाहीत. तिनं फाईल कपाटात ठेवली आणि आईच्या समोर येऊन बटणं लावायला बसली. गुणमालाला वाटलं, पोरीनं भांडावं, काही टाकून बोलावं. श्रद्धा सुईत दोरा ओवत राहिली.

तक्रारीनंतर अडतिसाव्या दिवशी फायनान्स कंपनीचं पत्र आलं. कर्ज फसवणुकीचं असून त्याच्याशी तुमचा संबंध नाही, असं त्यात होतं. अंकितानं ते दोनदा वाचून दाखवलं. तरी अहवालात मोबाईलचा हप्ता तसाच लटकत राहिला. त्याच्यावर पुन्हा हरकत, पुन्हा वाट बघणं. तो निघाला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. क्रांती मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत श्रद्धाला साताऱ्याचं कॉलेज मिळालं आणि कर्ज मंजूर झालं. मिरजेला रोज घरून जाता आलं असतं. आता वसतिगृहाचा खर्च वाढला आणि लेक लांब गेली. एस.टी.त बसताना श्रद्धा म्हणाली, "आई, आता कुणालाही झेरॉक्स देताना त्याच्यावर कशासाठी ते लिहून देत जा." गुणमालानं मान हलवली.

कडक इस्त्रीचा माणूस सापडला नाही. त्याचा फोन ज्या बाईच्या नावावर होता, तिनंही कुठंतरी मशीनसाठीच कागद दिले होते, असं पोलीस म्हणाले.

पाचांतल्या तिघी सुटल्या, गुणमाला धरून. बनाबाई एक दिवस जावयाचा सदरा शिवायला टाकून गेली, बोलली मात्र कामापुरतंच. सुंदरीची कंपनी दाद देत नव्हती. तिचं प्रकरण आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं होतं. दोन महिने उलटून गेले, ती गुणमालाशी बोलली नव्हती.

दिवाळीच्या आठवड्यात दुपारी दारात सावली पडली. सुंदरी होती. हातात इंग्रजीतला कागद, घामानं ओला झालेला.

"ह्यात काय लिवलंय कळंना," ती बाहेरूनच म्हणाली. "घरात कुणाला दावू वाटंना."

"मलाबी वाचता येत न्हाई गं."

"ठाव हाय मला."

गुणमालानं मशीनवरून पाय काढला, अर्धवट शिवलेली चड्डी तशीच ठेवली आणि चपला घातल्या. दोघी अंकिताच्या केंद्राकडं निघाल्या.  वाटेत सुंदरीनं कागद गुणमालाच्या हातात दिला, आणि गुणमालानं तो पदराआड धरला, जणू आत काय निघेल याची भीती तिचीच होती.