तिसरा भाग

पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. हे सासूबाईंना मी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. "आत्या, लायब्ररीचं पुस्तक आहे ते. तारीख पडते त्याच्यावर." तर त्या चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "पडू दे की. माणसं आजून निम्म्या वाटंवर हायेत, त्यांना तशीच सोडून देऊ व्हय?" माणसं म्हणजे कादंबरीतली. ती त्यांना शेजारपाजारच्यांसारखी झाली होती. भाकरी थापता थापता मध्येच म्हणायच्या, "ती धाकटी जाऊ लई आगाव हाय बग. घर फोडणार ती." मला आधी वाटायचं, आमच्याच गावातलं काही सांगताहेत.

आमचं गाव कामथडीपासून आत. मी रोज स्कूटीवर हायवेला येते, तिथून बस धरून पुण्यात ऑफिसला जाते. शिवऱ्याच्या पुढं गाडी अडकली की अडकली. माझा स्वभाव आधीच उतावळा, त्यात हे रोजचं ताटकळणं. बसमध्ये मी सारखी घड्याळ बघते, पाय हलवत राहते, शेजारच्या बाईला त्रास होतो तरी थांबत नाही. ऑफिसपासून पाच मिनिटांवर शहरातलं मोठं सार्वजनिक वाचनालय. सभासद व्हायला शहरातला पत्ता लागतो. माझा पत्ता तालुका भोर. मग ऑफिसचं पत्र जोडलं, दोन खेपा घातल्या आणि कार्ड मिळालं. एका कार्डावर दोन पुस्तकं, कुठल्याही शाखेत परत करा, मोबाईलवर मुदत वाढवून घ्या. मी स्वतःसाठी पाककृतींची नि विणकामाची पुस्तकं आणायची आणि न वाचताच परत करायची. खरी वाचणारी घरात होती, हे मला उशिरा कळलं.

आत्यांची शाळा सातवीत सुटली. त्यानंतर पन्नासेक वर्षं शेत, गुरं, चूल. सासरे गेल्यावर दुपारी रिकामपण आलं आणि एके दिवशी मी आणलेलं पुस्तक त्यांनी उघडलं. बोट ठेवून वाचायच्या, ओठ हलवत. एका पानाला मला चहा करून पिऊन व्हायचा. मला बघवायचंच नाही. पण वाचायच्या हट्टानं. मग मी ती तीन भागांची कादंबरी आणली. एकाच घराण्याच्या तीन पिढ्या, प्रत्येक भाग विटेएवढा. पहिला भाग त्यांनी दोनदा मुदत वाढवून संपवला. दुसरा वाचायला घेतला आणि त्याच सुमारास डोळ्यांचं निघालं.

काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेलाच होता आणि ह्या बाईनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, डाव्यात उरलीय ती थेंब टाकून टिकवायची. किती दिवस टिकेल, ते सांगता येणार नाही. घरी येताना टेम्पो नवरा चालवत होता, मी खिडकीशी. ह्या मात्र मध्ये बसून बोटं मोजत होत्या. "दुसरा निम्मा ऱ्हायलाय. तिसरा आक्खा. तेवढं जरी दिसलं तरी बास झालं मला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू फकस्त आणून दे."

दुसरा भाग त्यांनी नवरात्रात संपवला. मुदत दसऱ्यानंतर दोन दिवसांनी संपत होती. मी पुस्तक पिशवीत टाकलं, बस पकडली, बसायला जागाही मिळाली. सहज म्हणून कव्हर उघडलं तर काय! पहिल्या पानावर हळदीची पाच बोटं. त्यावर कुंकवाचा हा एवढा टिळा. कडेला दोन अक्षता चिकटलेल्या.

खंडेनवमी! घरात विळा, कोयता, खुरपी, टेम्पो, शिलाई मशीन, मिक्सरसुद्धा, सगळ्याला हळदकुंकू लावायचं आत्यांकडं असतं. त्या दिवशी मी ऑफिसात होते. लायब्ररीचं पुस्तक घरात होतं, म्हणून तेही पाटावर मांडलं असणार. बरं, लावायचं तर कव्हरवर लाव ना बाई! कव्हर प्लॅस्टिकचं, पुसलं असतं. पण नाही, ह्यांना आत, नावावरच लावायचं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी रुमाल पाण्यानं ओला केला आणि पुसायला गेले. पुढं काय झालं असेल ते कुठल्याही बाईला कळेल. कुंकू पसरलं, हळद आणखी पिवळी झाली, पान भिजून सुरकुतलं आणि मागचं पानही गुलाबी झालं. त्यांनी केलं होतं त्याच्या दुप्पट नुकसान मी शिवरे ते कात्रज एवढ्या वाटेत केलं.

काउंटरवर माझ्याच वयाच्या एक बाई बसतात. त्यांनी पान उघडलं. "हे काय?"

"डाळिंबाचा रस सांडला."

त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू होतं. "डाळिंब?" एवढंच म्हणाल्या, आणि मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नियम त्यांनी नीट सांगितला, आवाज न चढवता. पुस्तक खराब झालं तर त्याचीच दुसरी प्रत आणून द्यायची. तोवर कार्ड बंद. कादंबरीची छपाई थांबून बरीच वर्षं झालेली, म्हणून ग्रंथपालांच्या नावे एक अर्ज करायचा, ते काही मार्ग काढतील. त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'नुकसान कसे झाले'. मी तो फॉर्म घडी घालून पर्समध्ये कोंबला आणि त्या पुढं काहीतरी सांगत होत्या ते न ऐकता तडक बाहेर पडले. लाजेनं कान गरम झाले होते. राग कुणाचा होता ते तरी कुठं कळत होतं! आत्यांचा, त्या बाईचा, ओल्या रुमालाचा.

संध्याकाळी आत्या दारातच उभ्या. "आणला का तिसरा?"

आता मी तोंड उघडून सांगायचं होतं की नाही? की आत्या, तुमच्या हळदकुंकवापायी कार्ड बंद झालंय. पण त्यांचा तो चेहरा बघितला. म्हटलं, "कुणीतरी नेलाय. नंबर लावलाय मी."

"आसू दे, आसू दे. त्योबी वाचतच आसंल की," त्या म्हणाल्या. "दुसरा संपवून कोन थांबंल?"

त्यानंतरचे दोन महिने माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. डबा खायच्या सुट्टीत मी जुन्या पुस्तकांच्या गाड्या पालथ्या घातल्या. कुठं दुसरा भाग नाही, कुठं तिसरा नाही. एकानं दोन प्रती काढून दाखवल्या, दोन्ही पहिल्याच भागाच्या. भोरला चौकशी केली, तिथं कुणाला पुस्तक ठाऊकच नव्हतं. पर्समधला फॉर्म रोज हाताला लागायचा. काढायचा, त्या रकान्यापाशी यायचं, पेन अडायचं. डाळिंब म्हणून सांगून बसले होते, आता कुंकू कसं लिहू? आणि कुंकू लिहिलं नाही तर त्या बाई काय म्हणतील? इतकी साधी गोष्ट, पण मी तिला हात लावला नाही. रोज परतीच्या बसमध्ये फक्त नवी थाप जुळवायची. माणूस आजारी आहे म्हणे. माणूस परगावी गेलाय म्हणे. माझ्याच्यानं घरात शिरवेना.

एक दिवस बघते तर आत्या तांदूळ निवडायचे तसेच बाजूला सारून बसलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघणं हे त्यांचं सकाळचं पहिलं काम. तेही त्या मला विचारायला लागल्या. पेपर हातात धरेनात. मी घाबरले. "दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "पर उगं कशाला खर्ची घालायची नजर? साठवून ठिवलीय. तिसरा आला की लागंल."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्यांना वाटत होतं, नजर रांजणातल्या पाण्यासारखी आहे, उपसली नाही की उरते. आणि मी, दोन वेळा डॉक्टरकडं जाऊन आलेली शहाणी बाई, हे असं नसतं एवढंही त्यांना सांगू शकले नाही. कारण ते सांगितलं की बाकी सगळं सांगावं लागलं असतं.

शेवटी त्यांनीच कंबर कसली. शनिवारी मी निघताना बघते तर ह्या नऊवारी नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर तयार. "मीबी येते. बघू तरी कोन बसलंय तिसरा घिऊन. माझ्यापक्षा सावकाश वाचणारा ह्या जगात कोन हाय, त्याचं तोंड बघायचंय मला."

मी बसची गर्दी सांगितली, पाय दुखतील म्हणाले, वाचनालय शनिवारी बंद असतं हीसुद्धा थाप मारून बघितली. नवरा आतून म्हणाला, "उघडं असतं की." झालं! बसमध्ये त्या खिडकीशी, मी शेजारी. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा सांगून टाकली. एकदा वाटलं, आता सांगावं. टोलनाका गेला. कात्रजचा बोगदा गेला. नाही सांगितलं.

वाचनालयाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. "आत्या, इथं नाही काढायच्या," मी म्हणाले. "हितं न्हाई तर कुठं काढायच्या?" म्हणून त्या अनवाणीच आत गेल्या, माझा हात सोडून, थेट काउंटरपाशी.

"बाई, तिसरा भाग कुनी नेलाय वो?" त्यांनी कादंबरीचं नाव सांगितलं.

त्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "आतच आहे की, आजी. दोन महिन्यांत कुणी मागितलेलासुद्धा नाही." मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "तुमचा अर्ज आला नाही अजून?"

आत्या माझ्याकडं वळल्या. बाईंनी ड्रॉवरमधून दुसरा भाग काढला आणि ते पान समोर धरलं. आत्यांनी पुस्तक तोंडाजवळ नेलं, मान एका बाजूला वाकडी केली, बोटानं ते सुरकुतलेलं पान चाचपलं.

"ह्ये मी केलंय," त्या म्हणाल्या. "नवमीला घरात हुतं. घरात हाय त्येला वगळून पूजा कशी करायची? चुकलं आसंल तर माझं नाव लिवा. तिचं नगा लिवू."

बाई गडबडल्या. "अहो आजी, चुकलं वगैरे काय... नियम आहे म्हणून. पण बसून वाचायला कार्ड लागतच नाही. आत वाचनकक्ष आहे, कुणीही यावं, कितीही वेळ वाचावं. मी त्याच दिवशी ह्यांना सांगत होते, पण ह्या निघूनच गेल्या."

दोन महिने. रोज डबा खायच्या सुट्टीत मी ह्याच रस्त्यावरून फिरत होते.

वाचनकक्षात लांब टेबलं, स्पर्धा परीक्षेची मुलंमुली माना खाली घालून बसलेली. आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. बाईंनी तिसरा भाग आणून दिला, आणि काय वाटलं कोण जाणे, दुसराही सोबत ठेवला. आत्यांनी पदरानं चष्मा पुसला. पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. पहिलं पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

बोट हललं नाही.

त्यांनी पान खिडकीकडं केलं. मग डोळ्याशी नेलं. मग लांब धरलं. चष्मा काढला, परत घातला.

"ह्येचं अक्षर बारीक हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, आत्या," मी म्हणाले. "ह्या भागाचं बारीकच छापलंय."

त्यांनी दुसरा भाग उघडून तिसऱ्याच्या शेजारी ठेवला आणि पलीकडं अभ्यास करत बसलेल्या मुलीच्या हाताला हात लावला. "पोरी, जरा बग गं. ह्या दोनीतलं अक्षर सारखंच हाय का?"

मुलीनं वाकून बघितलं. "हो आजी, अगदी सारखंच आहे."

"व्हय का? बरं," आत्या म्हणाल्या. त्यांनी दुसरा भाग मिटला. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली. त्या ओरडल्या असत्या, चारचौघांत माझा उद्धार केला असता, तर मला सोसलं असतं. त्यांनी तिसरा भाग माझ्यापुढं सरकवला.

"वाच तू," त्या म्हणाल्या. "पर जे लिव्हलंय तेच वाचायचं. तुझ्या मनाचं काय घालायचं न्हाई."