खिडकीतली बाई

"नवरा दारू पितो हे कवितेत कुठे आहे, आई?"

"मग बाई रोज खिडकीत कशाला उभी राहील? वाट बघतेय ती मेल्याची!"

"नवराच नाहीये कवितेत!"

"तेच तर म्हणतेय मी. घरी टेकतो कुठे तो?"

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या खऱ्या नवऱ्याने पाय जवळ ओढून घेतले. आधी न वाचलेल्या कवितेचं किंवा उताऱ्याचं रसग्रहण परीक्षेत लिहायचं होतं बायकोला, आणि प्रत्येक सरावाला शिव्या मात्र त्याच्याच जमातीला बसत होत्या.

लग्नाच्या गडबडीत तिचा पदवीचा एकच पेपर राहून गेला होता. दोनदा देऊन झाला, दोनदा दांडी उडाली. विद्यापीठाच्या नियमाने ही शेवटची संधी. लेक कॉलेजात साहित्यच शिकत असल्याने शिकवणी घरची होती. तिने आईला हुकमी वाक्यं पाठ करायला दिली, तर आईने न्हाव्याच्या भांडणावरच्या विनोदी उताऱ्याखाली लिहिलं, "लेखक निसर्गाशी एकरूप झाला आहे." तेव्हापासून पाठांतर बंद आणि भांडण सुरू.

दुसऱ्या दिवशी लेक आईचा विसरलेला चष्मा द्यायला तिच्या कामावर, लाँड्रीत गेली. आई काउंटरवर एका गृहस्थाचा कोट उलटसुलट करत होती.

"डाव्या बाहीवर चहा. खिशाची शिवण उसवलेली. कॉलरवर लाल डाग, आतल्या बाजूने."

गृहस्थ गोरामोरा झाला. "अहो, ते काय झालं, ऑफिसात समारंभ होता, तेव्हा..."

"मी विचारलं का? डाग आहे, एवढं सांगितलं. शनिवारी या."

तो गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तो लाल डाग कसला असेल गं?"

"आपल्याला काय करायचंय? दिसेल ते सांगायचं, कुठे आहे ते सांगायचं. गिऱ्हाइकाच्या घरात शिरायचं नाही. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलंय."

"मग कवितेत कशाला शिरतेस चपला घालून?"

आईने चष्मा चढवला. कोट तिने पुन्हा बाहीपासून बघायला घेतला.

संध्याकाळी भांडी तशीच टाकून तिने कविता समोर घेतली. बोट ठेवून ओळ न् ओळ बघितली, बाही बघावी तशी.

"खिडकी तीन कडव्यांत येते," ती म्हणाली. "दार एकदाही नाही."

लेकीने पेन पुढे केलं. नवऱ्याने पेपर खाली केला. "आणि तो दारुडा?"

"तो कवितेत नाही."

"सुटला बिचारा," नवरा पुटपुटला.

"तो सुटला, तुम्ही नाही. पेपर होईपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे."

आणि तिने पुढचं पान उलटलं.